टूथपेस्ट घेताना ट्यूबवर नक्की काय वाचायचं?

अनुष्का_ठाणे

नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण आणि आत्तापर्यंत सगळ्यांची मिळून एकच ट्यूब, जी ऑफरमध्ये असेल ती. आता मुलाच्या (वय ७) दोन दाढांना कीड निघाली, सासूबाईंना गार पाणी प्यायलं की कळ जाते, नवऱ्याचं तोंड सारखं येतं आणि धाकटी अडीच वर्षांची, तिला आत्ताच ब्रश हातात हवाय. म्हणून म्हटलं जरा बघून घेऊ, तर दुकानात एक अख्खी भिंत टूथपेस्टची. मीठवाली, लवंगवाली, कोळशाची, जेल, व्हाइटनिंग, सेन्सिटिव्ह, आयुर्वेदिक, 'केमिकल नाही' लिहिलेली, कार्टूनवाली. सगळ्यांवर दातांच्या डॉक्टरचा फोटो नाहीतर झाडाचा पाला.

माझे प्रश्न असे की लहान मुलांना वेगळी पेस्ट लागतेच का, फ्लोराइड चांगलं की वाईट (फॅमिली ग्रुपवर रोज एक मेसेज येतो की ते विष आहे), आणि ट्यूबच्या खाली जी रंगाची पट्टी असते, हिरवी म्हणजे नैसर्गिक काळी म्हणजे केमिकल, ते खरं आहे का? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, इथे वाचून बऱ्याच जणांना उपयोग होईल.

निळासागर

पट्टीचं मी सांगतो, पॅकेजिंगमध्येच काम करतो. त्या पट्टीचा आतल्या पेस्टशी काही संबंध नाही. ट्यूब भरायच्या मशीनवर सेन्सर असतो, त्याला ती पट्टी दिसली की ट्यूब सरळ कुठल्या बाजूला आहे आणि शेवट कुठे दाबून सील करायचा ते कळतं. पट्टीचा रंग मागच्या छपाईपेक्षा उठून दिसला पाहिजे एवढीच अट, म्हणून पांढऱ्या ट्यूबवर काळी, लाल, हिरवी, निळी काहीही असते. बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला पण असाच चौकोन दिसेल. तो मेसेज दरवर्षी फिरतो आणि लोक खरंच त्यावरून ट्यूब निवडतात, फार वाईट वाटतं, कारण वाचायची गोष्ट त्याच ट्यूबवर दोन इंच वर छापलेली असते.

दातांची_डॉक्टर

अनुष्का, छान विचारलंस. मी नाशिकला प्रॅक्टिस करते, रोज हेच प्रश्न येतात त्यामुळे जरा मोठं लिहिते.

आधी कीड म्हणजे काय ते. दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू आपण खाल्लेली साखर, बिस्किटं, चिवडा, काहीही पिठूळ खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर येतं. मग लाळ हळूहळू आम्ल कमी करते आणि गेलेलं परत भरते. हे दिवसभर चालू असतं, जातं-येतं जातं-येतं. खाणं वारंवार असेल तर जाणारं जास्त, येणारं कमी, आणि शेवटी भोक पडतं. फ्लोराइड इथे कामाला येतं, ते दाताच्या पृष्ठभागावर असलं की भरपाई लवकर होते आणि नव्याने भरलेला भाग आम्लाला जास्त टिकतो. कीड रोखायची तर टूथपेस्टमधला सगळ्यात जास्त पुरावा असलेला घटक हाच, बाकी सगळं नंतर.

त्यामुळे ट्यूब उलटी करायची आणि फ्लोराइड किती पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) ते शोधायचं. आपल्याकडे कायद्याने टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि जेवढं आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर दोन्हीकडे लिहावं लागतं, एक्सपायरी पण. मोठ्या माणसाला १००० च्या आसपासची पाहिजे. आकडा कुठेच दिसला नाही तर बहुतेक वेळा त्यात फ्लोराइड नाहीये असं समज, मग पुढे कितीही मोठ्या अक्षरात 'संपूर्ण सुरक्षा' लिहिलेलं असो.

मुलांचं: सात वर्षांच्या मुलाला वेगळी पेस्ट लागत नाही. तुमचीच १००० वाली, मटारच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. मुलांच्या म्हणून ज्या मिळतात त्यातल्या काहींत फ्लोराइड ५०० च्या आसपास असतं, काहींत नसतंच, आणि आईबाप कार्टून बघून घेतात. ज्या मुलाला आधीच कीड आहे त्याला ही पेस्ट देणं मला पटत नाही. तिखट पुदिन्याने जीभ झोंबते म्हणून तो नको म्हणत असेल तर सौम्य चवीची शोध पण आकडा बघून. अडीच वर्षांच्या मुलीला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नुसती ब्रशवर पुसल्यासारखी. तीन वर्षांनंतर मटार. आणि ब्रश तू करायचास, तिने नंतर खेळायचा. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला तेवढं वळण नसतं, त्यामुळे मोठ्याचाही रात्रीचा हात तूच मार.

अजून एक, हे मी प्रत्येक आईला सांगते. सहा वर्षांच्या सुमाराला सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नसते. काही पडत नाही, मागे गुपचूप येते, त्यामुळे घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल. ती आयुष्यभराची दाढ आहे. मुलाच्या किडलेल्या दाढा नेमक्या कुठल्या ते डॉक्टरांना विचार, आणि न किडलेल्या दाढांच्या खाचा सीलंटने (कीड लागू नये म्हणून वर बसवायचा पातळ थर) भरून घेता येतात का तेही विचार.

अनुष्का_ठाणे

बापरे, ती मागच्या दाढेची गोष्ट मला माहीतच नव्हती, उद्याच फोन करते. पण ट्यूबवर लिहिलंय की सहा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावी आणि गिळू नये. ते वाचूनच भीती वाटते. तांदळाएवढी गिळली तर?

दातांची_डॉक्टर

तांदळाएवढी गिळली तर काही होत नाही, म्हणूनच तो आकार सांगितलाय, ते मूल गिळणारच हे धरून. इशारा यासाठी की लहान मुलं गोड चवीची पेस्ट बोटाने चाटून खातात. दात हिरडीत तयार होत असताना रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके, रेघा येऊ शकतात. म्हणून ट्यूब वर कपाटात ठेवायची, पेस्ट मोठ्यांनी लावायची. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट काढतात, तेवढी कोणालाच लागत नाही, मोठ्यांनाही मटारएवढीच पुरते.

टेम्सकाठचा_पुणेकर

इकडे इंग्लंडमध्ये मोठ्यांच्या पेस्टवर साधारण १४५० पीपीएम असतं, आणि इथली सरकारी आरोग्य सेवा मोठ्यांना १३५० ते १५०० मधली वापरा म्हणून सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांनाही किमान १००० सांगतात, फक्त अगदी पुसटशी. युरोपात मर्यादा १५०० आहे. म्हणजे भारतातल्या १००० च्या आकड्याला घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरं, इथे मुलीच्या शाळेत दातांची नर्स येऊन शिकवून गेली की थुंका पण चूळ भरू नका. आपण काय करतो, ब्रश झाला की तांब्याभर पाण्याने खळाखळा चुळा भरतो, घशात बोटं घालतो, जीभ घासतो, आणि जे फ्लोराइड दातावर राहायला पाहिजे ते सगळं मोरीत. त्यांचं म्हणणं जास्तीचा फेस थुंकून टाका, बास, आणि पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. सुरुवातीला तोंडात चिकट वाटतं, आठवड्याभरात सवय होते. फुकटची गोष्ट आहे, महागड्या पेस्टपेक्षा याने जास्त फरक पडेल.

स्वातीनक्षत्र

चूळ न भरणं मला जमेल असं वाटत नाही. आमच्याकडे तोंड खळखळून धुतल्याशिवाय चहा मिळत नाही लहानपणापासून.

दातांची_डॉक्टर

स्वाती, मग निदान रात्री. सकाळी हवं ते करा, रात्री झोपायच्या आधी ब्रश करून फक्त थुंका आणि झोपा. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे दातांची भरपाई करणारं कोणी नसतं, त्या वेळी फ्लोराइड दातावर असणं सगळ्यात मोलाचं. माझ्याकडे येणाऱ्यात सकाळी दात घासणारे शंभर टक्के आणि रात्री घासणारे फार थोडे. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी रात्रीचं सांगेन, सकाळचं नाही. पुण्याच्या मित्राने चुळीचं लिहिलं ते अगदी बरोबर.

आडनाव_रसायन

मी रसायनशास्त्र शिकवतो, घटकांची यादी कशी वाचायची त्याबद्दल थोडं.

फ्लोराइड तीन रूपांत येतं. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि स्टॅनस फ्लोराइड. आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या पेस्टमध्ये घासायला खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि त्यात साधं सोडियम फ्लोराइड टाकलं तर कॅल्शियम त्याला पकडून बसतं, दातासाठी काही उरत नाही. म्हणून खडूवाल्या पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. जेलमध्ये घासायला सिलिका असते, तिथे सोडियम फ्लोराइड चालतं. स्टॅनस म्हणजे कथिलवालं, ते हिरड्यांच्या सुजेवर आणि दात शिवशिवण्यावरही थोडं काम करतं. काही ठिकाणी पीपीएमऐवजी टक्के लिहितात, तेव्हा हे लक्षात ठेवा की मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के म्हणजे साधारण १००० पीपीएम.

फेस येतो तो सोडियम लॉरिल सल्फेटने. फेस जास्त म्हणजे साफसफाई जास्त असं नाही, साफ करतं ते ब्रशचं टोक. अनुष्काताई, तुमच्या मिस्टरांचं तोंड सारखं येतं म्हणालात, तर काही लोकांना या लॉरिल सल्फेटनेच तोंडातले छाले वाढतात. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघा. फरक पडला तर चांगलंच.

दातांची_डॉक्टर

सहमत. फक्त सारखं तोंड येण्यामागे बी-१२, लोह कमी असणं, पोटाचे आजार, ताण अशीही कारणं असतात. आणि तोंडातला कुठलाही छाला किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर पेस्ट बदलत बसू नका, दाखवा. तंबाखू, गुटखा, सुपारीची सवय असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पांढरकवड्याचा

हे सगळं ठीक आहे पण फ्लोराइड वाईट नाही असं सरसकट बोलू नका राजेहो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या, चंद्रपुरात जा, नांदेडच्या किनवटकडं जा. बोअरचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आहेत, लोक पोरीच्या लग्नात दात बघतात आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, मणके आखडून जातात. कंबर वाकवता येत नाही. आम्ही हे डोळ्याने बघितलंय, त्यामुळे फ्लोराइड नाव काढलं की आमच्याकडं भीती बसते, आणि ती खोटी नाही. मग आमच्या भागातल्या पोरांनी १००० वाली पेस्ट वापरायची का नाही, हे कोणी नीट सांगत नाही.

दातांची_डॉक्टर

तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते या धाग्यावर यायलाच पाहिजे होतं.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर गेलं आणि ते वर्षानुवर्षं दिवसाला चार-पाच लिटर पोटात गेलं, उन्हात राबणाऱ्या माणसाच्या तर त्याहून जास्त, की दात आणि पुढे हाडं बिघडतात. तो आजार पोटात गेलेल्या फ्लोराइडचा आहे. पेस्ट थुंकून टाकली जाते, मटारएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असतं. पाण्यात ३ मिलिग्रॅम असेल तर दोन लिटरमधून सहा मिलिग्रॅम पोटात जातात. त्यामुळे तिथे लढाई पाण्याशी आहे.

तरीही तुमच्या भागात मी असं सांगेन. आधी घरच्या बोअरचं, हातपंपाचं पाणी तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं दाट होतं. साध्या गाळणीने, तुरटीच्या एका फिरवण्याने जात नाही. आरओने कमी होतं किंवा पावसाचं, नदीचं पाणी. मोठ्यांनी १००० वाली बिनधास्त वापरावी, कारण डाग असलेल्या दातालाही कीड लागते. थुंकता न येणाऱ्या लहानग्यांसाठी मात्र तिथल्या दातांच्या डॉक्टरला पाण्याचा रिपोर्ट दाखवून विचारा, नाशिकमधून बसून मी ते ठरवू शकत नाही.

पांढरकवड्याचा

हे पटलं. पाण्याचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात जायचं हे आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं. गावच्या ग्रुपवर टाकतो. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडं पोरं ते तपकिरी डाग जावे म्हणून कोळसा, मीठ, लिंबू घासतात, त्याचं काय?

दातांची_डॉक्टर

कृपया थांबवा त्यांना. ते डाग दाताच्या आत, कवच तयार होतानाच बसलेले असतात, वरून घासून ते निघत नाहीत, वरचं कवच मात्र निघतं. लिंबू आम्ल, त्याने कवच मऊ पडतं, आणि मऊ पडलेल्या कवचावर कोळसा म्हणजे नवीन स्टीलच्या भांड्यावर तारेची घासणी. कवच एकदा झिजलं की शरीर ते परत बनवत नाही. डागांवर क्लिनिकमध्ये उपाय आहेत, ब्लीचिंग, वरून थर बसवणं, मुलांच्या कॉलेजच्या वयात विचार करा.

मृणाल_०७

मी कोळशाचीच वापरतेय, काळी ट्यूब, सध्या सगळे तीच घेतात. दात खरंच पांढरे दिसतात की.

आडनाव_रसायन

मृणाल, चहा-कॉफीचे वरचे डाग कुठल्याही खरखरीत पेस्टने निघतात, ते त्यात कोळसा आहे म्हणून नाही. कोळसा विष शोषतो वगैरे जे सांगतात ते तोंडात दोन मिनिटांत होतं याला धड पुरावा नाही. उलट तू बघ, तुझ्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का? खूपशा कोळसा पेस्टमध्ये नसतं. व्हाइटनिंगवाल्यांचंही तसंच, त्या वरचे डाग काढतात, काहींमध्ये निळसर रंग असतो तो दातावर बसून पिवळेपणा कमी भासवतो. दाताचा मूळ रंग पेस्टने बदलत नाही.

पेस्ट किती घासते हे मोजायचं आंतरराष्ट्रीय माप आहे, आरडीए म्हणतात, मर्यादा २५०. आपल्याकडे कंपन्या तो आकडा ट्यूबवर छापत नाहीत. छापायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, तेलाच्या पिशवीवर फॅट किती ते लिहितात मग हे का नाही.

वैद्य_होऊ_घातलेली

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहिते. मी आयुर्वेद शिकते. कडुनिंब, बाभूळ, खैर, त्रिफळा, लवंग यांना जुनाट म्हणून बाजूला काढू नका. दिनचर्येत दंतधावन सांगितलंय ते सकाळी आणि जेवणानंतर, तुरट, तिखट, कडू रसाच्या काडीने, आणि काडीचं टोक मऊ करून, हिरडीला इजा होऊ न देता. म्हणजे दोन वेळा, मऊ ब्रश, हिरड्या सांभाळून, आज डॉक्टर हेच सांगतात. तुरट द्रव्यांनी हिरड्यांचं रक्त येणं कमी होतं असा आमच्या ओपीडीतला अनुभव आहे. शिवाय बाजारातली प्रत्येक 'आयुर्वेदिक' पेस्ट म्हणजे आयुर्वेद नव्हे, त्यातल्या कित्येकांत तोच खडू, तेच लॉरिल सल्फेट आणि नावाला वनस्पतीचा अर्क असतो. यादी वाचा.

दातांची_डॉक्टर

छान लिहिलंस आणि यात मला भांडण दिसत नाही. हिरड्यांसाठी वनस्पतीची पेस्ट वापरा की, फक्त तिच्यात फ्लोराइड आहे ती निवडा, अशाही मिळतात. माझा विरोध एवढाच की कीड लागणाऱ्या मुलाला फ्लोराइड नसलेली पेस्ट देऊन घरचे निश्चिंत होतात. ज्याच्या तोंडात आयुष्यभर कीड नाही, गोड कमी खातो, त्याने दातवण केलं तर मी काही म्हणणार नाही.

आडनाव_रसायन

ज्यांना फ्लोराइड अजिबातच नको त्यांच्यासाठी हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, म्हणजे दात ज्याचा बनलेला असतो तेच खनिज बारीक करून घातलेली पेस्ट. जपानमध्ये बरीच वर्षं वापरतात. इथे मिळते पण महाग. अभ्यास चांगले येतायत, तरी फ्लोराइडइतका मोठा पुरावा अजून नाही.

कोरेगावची_सून

मला एक वेगळं लिहायचंय, पेस्टचं नाही पण दात घासण्याचंच. आमच्या सातारा भागात, खाली सांगली कोल्हापूरकडेही, बायका मिशरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दाताला लावायची. माझी आजेसासू, तिच्या बहिणी, शेजारच्या काकू सगळ्या. विचारलं तर म्हणतात आम्ही तंबाखू खात नाही, आम्ही दात घासतो. सकाळी एकदा सुरू होतं मग शेतावर जाताना, दुपारी, संडासला जायच्या आधी, रात्री. लावली नाही तर डोकं दुखतं, चिडचिड होते. ते व्यसन आहे पण घरात कोणी त्याला व्यसन म्हणत नाही कारण ते मोरीत, आरशासमोर, मंजनाच्या नावाने होतं. लहान पोरींना दात दुखला की चिमूटभर तीच लावतात, आणि तिथून सवय लागते.

टूथपेस्ट-मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण येणार बघायला, आणि बाजारात सुटी मिळतेच. जवळच्या एका बाईंच्या गालात पांढरा चट्टा होता, कोणी लक्ष दिलं नाही, पुढे कॅन्सर निघाला. गरोदरपणात लावणाऱ्यांची बाळं कमी वजनाची होतात हे आमच्या आशाताई घरोघरी जाऊन सांगतात. तुम्ही इथे शिकलेले लोक पीपीएम वाचताय, वाचा, पण आपल्या गावच्या आजीच्या मोरीत एकदा बघा डबी आहे का. असेल तर तिला नवी पेस्ट नेऊन देऊन ती सुटत नाही, तिच्याशी बसून बोलावं लागतं.

दातांची_डॉक्टर

ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा महत्त्वाचं आहे. मिशरीवाल्या बायका तपासायला आल्या की मी आधी गाल, जिभेच्या कडा आणि खालच्या ओठाच्या आतली बाजू बघते. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तिखट अजिबात सहन होत नाही, यातलं काहीही असेल तर लगेच आणा. वेळेवर सापडलं तर उपचार होतात. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६. फोनवर बोलून टप्प्याटप्प्याने सोडवतात. अचानक सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, बेचैनी होणार, तेव्हा घरच्यांनी टोमणे मारायचे नाहीत.

निळासागर

ताई, हे वाचून माझ्या आत्याला फोन लावला. लिहीत राहा.

अनुष्का_ठाणे

खरंच, कोरेगावच्या ताईंचं वाचून सुन्न झाले. सासूबाईंना मिशरी नाही पण वर्षानुवर्षं राखुंडी, मग लाल मंजन बोटाने. आता गार लागलं की कळ. त्यांना सेन्सिटिव्हवाली आणली तर दोन दिवसांत म्हणाल्या काही उपयोग नाही.

दातांची_डॉक्टर

दोन दिवसांत होत नाही ते. त्या पेस्टमध्ये बहुतेक पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के असतं, ते दाताच्या आतल्या नसेची कळ हळूहळू शांत करतं, रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे लागतात, आणि बंद केली की परत येऊ शकतं. दुसऱ्या प्रकारात दाताची बारीक छिद्रं बुजवणारे पदार्थ असतात, त्यांचा परिणाम थोडा लवकर जाणवतो. त्यातही फ्लोराइडचा आकडा बघायचा.

पण आधी कारण. राख, गेरूची लाल पूड, आणि आडवं जोर लावून घासणं याने हिरडीजवळ दाताला खाच पडते, नखाने हात फिरवला तर लागते. ती खाच खोल असेल तर पेस्टने भागत नाही, भरून घ्यावी लागते. आणि एकाच दाताला कळ असेल, गरम लागल्यावरही दुखत असेल, रात्री ठणकत असेल तर ती सेन्सिटिव्हिटी नाही, बहुतेक कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीये. त्या पेस्टने दुखणं झाकून महिने घालवणारे खूप पेशंट येतात आणि मग साध्या फिलिंगचं रूट कॅनाल होतं. सासूबाईंना मधुमेह आहे का? असेल तर हिरड्याही तपासून घे, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो.

मऊ ब्रश आण, पेनसारखा धरायला सांग म्हणजे जोर येत नाही. आणि लिंबू सरबत, सोलकढी, चिंचेचं काही खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नको.

स्वातीनक्षत्र

खर्चाचं पण कोणीतरी बोला. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी विचारत होत्या महागडी घेऊ का पोरांसाठी.

टेम्सकाठचा_पुणेकर

अजिबात गरज नाही. आकडा दहा-वीस रुपयांच्या छोट्या ट्यूबवरही छापलेला असतो, तो १००० च्या आसपास असला की झालं. वाचलेल्या पैशात प्रत्येक पोराला वेगळा मऊ ब्रश, आणि ब्रिसल्स फाकल्या की किंवा तीन-चार महिन्यांनी नवा.

दातांची_डॉक्टर

बरोबर. आणि मावशींना सांग, मुलांना दाखवायचं असेल तर मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी आहेत. रांग असते पण काम चांगलं होतं आणि खर्च फार कमी.

मृणाल_०७

माझ्या काळ्या ट्यूबवर फ्लोराइड नाहीच लिहिलेलं. बदलते. एक शेवटचं, आजोबांची कवळी आम्ही पेस्टनेच घासतो, ते चालतं ना?

दातांची_डॉक्टर

नाही चालत. कवळी प्लास्टिकसारख्या मऊ पदार्थाची असते, पेस्टच्या खरखरीने तिला बारीक ओरखडे पडतात, त्यात बुरशी आणि वास धरून राहतो. साधा हात धुवायचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवून धुवायची म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नको, आकार बिघडतो. आणि आजोबांचे खाली दोन-चार खरे दात उरले असतील तर त्यांना मात्र १००० वाली पेस्ट, रात्री, चूळ न भरता.